शोनेन जंपमधल्या मालिका दर आठवड्याला कशा वाचाव्यात

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ या जपानी मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा आपल्याकडच्या थिएटरांत लागला आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली. त्यातली अकाझा या राक्षसाशी झालेली लढाई जपानी वाचकांनी २०१९ मध्येच वाचून संपवली होती. गोष्टीचा शेवटही त्यांना मे २०२० मध्ये कळला होता. दर सोमवारी निघणाऱ्या, खरबरीत कागदावर छापलेल्या ‘शोनेन जंप’ या जाडजूड साप्ताहिकात ती गोष्ट २०५ चॅप्टरांत आली, दर आठवड्याला साधारण एकोणीस पानं.

आपल्याकडे बहुतेकांची या गोष्टींशी ओळख ॲनिमेतून, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधून होते. मग मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हाती लागतो आणि शंभर-दोनशे चॅप्टर सलग वाचले जातात. त्यात चूक काहीच नाही. पण या गोष्टी लिहिल्या जातात त्या आठवड्याच्या हिशेबाने, आणि त्याच चालीने वाचल्या की वेगळ्याच लागतात. चॅप्टर वाचायला सात-आठ मिनिटं पुरतात, पण पुढचे सहा दिवस तो मनात घोळत राहतो. ही सवय लावून घ्यायची असेल तर काय करायचं, ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी साप्ताहिक ओळखा

मुलांसाठीची चार मोठी साप्ताहिकं जपानमध्ये आहेत. कोदान्शा या प्रकाशन संस्थेचं ‘शोनेन मॅगझिन’ आणि शोगाकुकानचं ‘शोनेन संडे’ ही दोन्ही १७ मार्च १९५९ या एकाच दिवशी बाजारात आली. शुएइशाचं ‘शोनेन जंप’ १९६८ चं, सुरुवातीला महिन्यातून दोनदा आणि १९६९ पासून दर आठवड्याला. अकिता शोतेनचं ‘शोनेन चॅम्पियन’ १९६९ मध्ये सुरू झालं. जंप सोमवारी येतं, मॅगझिन आणि संडे बुधवारी, चॅम्पियन गुरुवारी.

जंप नऊ वर्षं उशिरा आलं तेव्हा नावाजलेले चित्रकार आधीच्या साप्ताहिकांकडे होते. त्यामुळे संपादकांनी नवोदितांवर भिस्त ठेवली आणि कोणती मालिका चालू ठेवायची याचा कौल वाचकांकडून घ्यायला सुरुवात केली. मैत्री, कष्ट आणि विजय हे जंपचं त्रिसूत्र प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर जंपची खरी ताकद नवख्या हातांवर टाकलेल्या या विश्वासात आहे. १९९४ च्या अखेरीस एकेका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती छापल्या जात होत्या. आज छापील खप त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे, आणि बरेच वाचक मोबाइलवर वाचतात.

आपली आवडती मालिका नक्की कुठे छापली जाते ते आधी तपासा. इथे हमखास गोंधळ होतो. ‘ॲटॅक ऑन टायटन’ साप्ताहिकात नव्हतीच, ती ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझिन’ या मासिकातली. ‘स्पाय फॅमिली’ ‘शोनेन जंप प्लस’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल व्यासपीठावरची आहे आणि ती दर आठवड्याला येत नाही. ‘चेनसॉ मॅन’चा पहिला भाग साप्ताहिकात आला, दुसरा जंप प्लसवर. ‘ब्लॅक क्लोव्हर’ २०२३ मध्ये साप्ताहिकातून ‘जंप गिगा’ या तीन-तीन महिन्यांनी निघणाऱ्या प्रकाशनात गेली. हे माहीत नसलं की माणूस रविवारी चॅप्टरची वाट बघत बसतो आणि तो येतच नाही.

या लेखात मी जंपलाच धरून चालणार आहे, कारण भारतात बसून दर आठवड्याला अधिकृतपणे वाचायला तेच सर्वांत सोपं आहे.

ॲप आणि वेळ

जंपच्या प्रकाशकाचं, शुएइशाचं, स्वतःचं ‘मांगा प्लस’ हे ॲप जानेवारी २०१९ पासून आहे आणि भारतात चालतं. जपानमध्ये अंक निघतो त्याच क्षणी त्यातल्या बहुतेक मालिकांचा नवा चॅप्टर इंग्रजीत येतो, काही मालिकांचा स्पॅनिश आणि इतर भाषांतही. मराठी किंवा हिंदी मात्र नाही. मालिकेचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर मोफत असतात. ॲपमध्ये अनेक चालू मालिकांचे मधले चॅप्टरही एकदा फुकट वाचता येतात, पुन्हा वाचायचे असतील तर वर्गणी भरावी लागते.

दुसरं ॲप अमेरिकेतल्या विझ मीडिया या प्रकाशकाचं. त्याचं नावही ‘शोनेन जंप’च, आणि ते ज्या मोजक्या देशांत चालतं त्यांत भारत आहे. तिथे ताजे तीन चॅप्टर मोफत, आणि थोडक्या मासिक वर्गणीत जुन्या, संपलेल्या मालिकांचा मोठा साठा खुला होतो. दिवसाला शंभर चॅप्टरांची मर्यादा आहे, तेवढे वाचून होणं कठीणच. माझा सल्ला असा: आठवड्याच्या वाचनासाठी मांगा प्लस ठेवा, आणि एखादी लांबलचक मालिका मागून गाठायची असेल तेव्हा महिना-दोन महिने विझची वर्गणी भरा.

वेळ पक्की लक्षात ठेवा. जपानमध्ये सोमवार उजाडतो, म्हणजे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रविवारी रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दुबईत तेव्हा संध्याकाळचे सात असतात. लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे तीन आणि उन्हाळ्यात चार, तर न्यू जर्सीत सकाळचे दहा किंवा अकरा. भाऊ पुण्यात आणि बहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला असली तरी दोघं एकाच क्षणी तेच पान उघडू शकतात. आपल्याकडे रविवारच्या जेवणानंतरची ही वेळ फार सोयीची आहे. दहा मिनिटं बाजूला काढा आणि तेवढा वेळ फोनवरच्या बाकीच्या सूचना बंद ठेवा.

किती आणि कोणत्या मालिका

एका अंकात साधारण वीस मालिका असतात. सगळ्या वाचायच्या भानगडीत पडू नका. तीन पुरेत, आणि त्या तीन वेगवेगळ्या तऱ्हेच्या घ्या.

पहिली अशी निवडा की जी दोन-चार वर्षं चालली आहे आणि जिचं ॲनिमे आलेलं आहे किंवा येऊ घातलं आहे. जिथे ॲनिमे थांबलं तिथून वाचता येईल, पण शक्यतो पहिल्या चॅप्टरपासून सुरू करा. ॲनिमेत पानाची मांडणी हरवते आणि चित्रकाराचा हात दिसत नाही.

दुसरी तुमच्या नेहमीच्या आवडीबाहेरची असू द्या. तलवारी आणि शापांच्या गोष्टी तर सगळेच वाचतात. जंपमध्येच २०२१ पासून ‘ब्लू बॉक्स’ आहे, बॅडमिंटन खेळणाऱ्या एका शाळकरी मुलाची शांत प्रेमकथा. २०२२ पासून ‘अकाने-बानाशी’ आहे. तिची नायिका राकुगो शिकते, म्हणजे उशीवर बसून, हातात पंखा आणि रुमाल एवढंच घेऊन एकट्याने सगळी पात्रं उभी करण्याची जपानी कथाकथनाची कला. तिथे लढाई रंगते ती एका आवाजातून दुसऱ्या आवाजात जाण्याची, आणि ती वाचताना श्वास रोखला जातो.

तिसरी मालिका कोरी करकरीत हवी, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह तिच्याबद्दल आहे. जंपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी लागोपाठच्या आठवड्यांत दोन-तीन नव्या मालिका सुरू होतात आणि तेवढ्याच जुन्या जातात. नव्या मालिकेचा पहिला चॅप्टर मोठा असतो, बहुधा पन्नासच्या आसपास पानं. तो प्रसिद्ध होतो त्या रात्री वाचा. पुढे काय होणार हे त्या घडीला जगात कुणालाच माहीत नसतं, आणि कित्येकदा खुद्द लेखकालाही नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘कागुराबाची’ सुरू झाली तेव्हा ताकेरु होकाझोनो हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. परदेशातल्या वाचकांनी तिला पहिल्या आठवड्यापासून डोक्यावर घेतलं आणि ती टिकली. त्या गर्दीत सुरुवातीपासून असण्याचा आनंद नंतर सलग वाचून मिळत नाही.

‘वन पीस’चं काय, असं विचाराल. जुलै १९९७ पासून चालू, अकराशेहून जास्त चॅप्टर. रोज दहा वाचले तरी ताज्या चॅप्टरपर्यंत पोचायला चार महिने लागतील. वाचा, नक्की वाचा, पण ते काम वेगळं ठेवा. आठवड्याच्या तीन मालिका सुरू करण्यासाठी ‘वन पीस’ संपायची वाट बघू नका.

पान कसं वाचायचं

उजवीकडून डावीकडे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मांगाचं पान सुटं नसतं. ते समोरासमोरच्या जोडपानाचा अर्धा भाग असतं आणि चित्रकार तसाच विचार करून आखतो. उजवं पान वाचून आपण डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पोचतो. त्या कोपऱ्यातल्या चौकटीत बहुधा काहीतरी अर्धवट ठेवलेलं असतं: कुणीतरी वळून बघतंय, दाराची मूठ फिरतेय, एखादा प्रश्न विचारला गेलाय. पान उलटलं की पुढच्या उजव्या पानाच्या माथ्यावर त्याचं उत्तर समोर येतं. म्हणून मोठे धक्के सहसा पान उलटल्यावर बसतात. हे एकदा लक्षात आलं की त्या खालच्या कोपऱ्यावर तुमचं बोट आपोआप रेंगाळायला लागेल.

फोन उभा धरून, एकाखाली एक पानं सरकवत वाचलं तर हे सगळं नाहीसं होतं. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र मधोमध तुटतं. त्यामुळे फोन आडवा धरा आणि दोन पानं शेजारी दिसतील अशी मांडणी निवडा. घरी टॅब असेल तर उत्तमच. मी तर लॅपटॉपच्या पडद्यावर वाचायची शिफारस करेन, कारण मोठ्या चित्रात लेखकाने मागच्या रांगेत उभी केलेली छोटी माणसंही दिसतात आणि पुढच्या कित्येक गोष्टी तिथूनच निघतात.

पहिल्या वाचनात थांबू नका. सरळ शेवटच्या पानापर्यंत जा, कारण चॅप्टर एका दमात वाचण्यासाठीच आखलेला असतो आणि शेवटच्या चौकटीत पुढच्या आठवड्याचा गळ टाकलेला असतो. मग पाच मिनिटांनी पुन्हा वाचा, या वेळी फक्त चित्रं बघत. संवाद माहीत असले की चेहरे दिसायला लागतात. कोण गप्प बसलंय, कुणाची नजर चुकतेय, कुठली चौकट विनाकारण मोठी आहे, हे दुसऱ्या वाचनात कळतं. पुढच्या रविवारी नवा चॅप्टर उघडण्याआधी मागच्याची शेवटची चार-पाच पानं पुन्हा चाळा. आठवडाभरात आपण बरंच विसरलेलो असतो.

चॅप्टर का आला नाही?

नव्या वाचकाला पहिला धक्का बसतो तो इथे. त्याची दोन कारणं असतात.

एक म्हणजे जोडअंक. नववर्ष, एप्रिल-मेमधला गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन अशा सुट्ट्यांच्या सुमारास जंप दोन क्रमांकांचा एक अंक काढतं आणि पुढच्या आठवड्यात कोणतीच मालिका येत नाही. आपल्याकडे दिवाळी झाल्यावर जसं छापखान्यात सामसूम असतं तसंच हे. शिवाय सोमवारी सरकारी सुट्टी असेल तर छापील अंक आधीच्या शनिवारी विक्रीला येतो.

दुसरं कारण म्हणजे लेखकाची सुट्टी. आठवड्याला एकोणीस पानं म्हणजे काय ते समजून घ्या: दोन-तीन दिवस कच्चा आराखडा करायचा, तो संपादकाला दाखवायचा, बदलायचा, आणि उरलेल्या दिवसांत मदतनिसांना घेऊन सगळं चितारायचं, लगेच पुढच्या आठवड्याचं डोक्यात घेऊन. यात माणसं आजारी पडतात. ‘कोचिकामे’चे ओसामु आकिमोतो १९७६ ते २०१६ अशी चाळीस वर्षं एकही आठवडा न चुकवता लिहीत राहिले, पण त्यांचं उदाहरण देऊन इतरांना तोलणं अन्याय आहे. ‘हंटर × हंटर’चे योशिहिरो तोगाशी प्रकृतीमुळे वर्षानुवर्षं थांबतात आणि परत येतात तेव्हा काही मोजके चॅप्टर देऊन पुन्हा थांबतात. ‘वन पीस’चे एइइचिरो ओदा हल्ली दर काही आठवड्यांनी एक आठवडा सुट्टी घेतात. सुट्टी जाहीर झाली की खूश व्हा, त्या मालिकेचं आयुष्य वाढलं असं समजा.

व्यवहारात करायचं एवढंच की मांगा प्लसवर मालिकेच्या पानावर पुढच्या चॅप्टरची तारीख दिलेली असते ती बघा. मालिका आवडत्यांत घातली की नव्या चॅप्टरची सूचनाही येते.

मालिका टिकणार की जाणार

जपानमधल्या अंकात वाचकांच्या मताचं पोस्टकार्ड असतं, आता ऑनलाइनही मत देता येतं. या अंकातल्या आवडलेल्या तीन मालिका लिहा, असं त्यात विचारलेलं असतं. अनुक्रमणिकेतला मालिकांचा क्रम साधारण दोन महिन्यांपूर्वीच्या या मतांवरून लागतो, असं जाणकार वाचक मानतात. रंगीत पानं मिळालेली मालिका आणि अगदी नवी मालिका या हिशेबात धरायची नसते, त्यांची जागा आधीच ठरलेली असते. एखादी मालिका आठवड्यामागून आठवडे शेवटच्या चार-पाचांत दिसायला लागली तर तिची घटका भरत आली असं समजायचं.

बंद पडणाऱ्या नव्या मालिका बहुधा अठरा-वीस चॅप्टरांत आटोपतात. नाव मोठं असलं तरी सुटका नाही. ‘नारुतो’चे मासाशी किशिमोतो यांनी लिहिलेली ‘सामुराई ८’ मे २०१९ मध्ये गाजावाजात सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये ४३ चॅप्टरांवर थांबली. आवडलेली मालिका अशी गुंडाळली जाते तेव्हा वाईट वाटतं. शत्रू अचानक घाईने हरतात, मधली पाच वर्षं एका पानात सरतात. तरीही शेवटचा चॅप्टर वाचा. कापलेल्या वेळात लेखकाने काय वाचवायचं ठरवलं ते तिथे दिसतं, आणि पुढे त्याची नवी मालिका आली की तुम्ही तिच्याकडे ओळखीच्या नजरेने बघता.

भारतातून पोस्टकार्ड पाठवता येत नाही, पण अधिकृत ॲपवरचं वाचन प्रकाशकाला दिसतं. नव्या मालिकेचा चॅप्टर तिथे उघडणं हेच आपलं मत.

फुटलेली पानं

अंक दुकानांत जाण्याआधीच बुधवार-गुरुवारकडे त्यातल्या पानांचे फोटो इंटरनेटवर फिरू लागतात, आणि त्यावरून केलेलं घाईचं भाषांतरही. २०२४ च्या फेब्रुवारीत जपानी पोलिसांनी अशा प्रकरणात अटकाही केल्या. ही पानं धुरकट असतात, अर्धवट असतात आणि चुकीच्या भाषांतरावरून तीन दिवस भांडणं होतात. गुरुवारपासून रविवारपर्यंत मालिकेचं नाव, मुख्य पात्रांची नावं आणि येणाऱ्या चॅप्टरचा क्रमांक हे शब्द समाजमाध्यमांवर म्यूट करून ठेवा. मित्रांच्या गटात वाचत असाल तर सोमवार रात्रीपर्यंत कुणी काही बोलायचं नाही एवढा नियम पुरतो. सोमवारी सकाळी लोकलमध्ये वाचणारेही असतात, त्यांचा विचार करा.

पुस्तक कधी घ्यायचं

नऊ ते अकरा चॅप्टर जमले की त्यांचं पुस्तक निघतं, जपानीत त्याला टँकोबॉन म्हणतात. साप्ताहिक मालिकेची वर्षाला चार-पाच पुस्तकं होतात. इंग्रजी आवृत्ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी येते, ती आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत आता सहज मिळते. साप्ताहिकात घाईत सुटलेल्या रेषा लेखक पुस्तकात सुधारतात, क्वचित अख्खी चौकट बदलतात, आणि मधल्या कोऱ्या पानांवर जादा मजकूर देतात. ‘वन पीस’च्या पुस्तकांत ओदा वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात, तो भाग साप्ताहिकात येत नाही. सगळे संच घ्यायला पैसा आणि कपाट दोन्ही लागतं, म्हणून तीनपैकी एकाच मालिकेची पुस्तकं घ्या, आणि शक्य असेल तर ती नवी मालिका असू द्या.

जपानी शिकत असाल तर

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे खास. मुलांच्या साप्ताहिकांत कांजीच्या शेजारी बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. मोठ्यांच्या मांगात तो बहुधा नसतो. त्यामुळे हिरागाना-काताकाना पक्कं झालेला विद्यार्थी जंपमधला कोणताही शब्द निदान वाचू शकतो आणि शब्दकोशात शोधू शकतो. शोनेन जंप प्लसच्या जपानी साइटवर बऱ्याच मालिकांचा पहिला चॅप्टर मूळ भाषेत मोफत असतो. आधी मांगा प्लसवर तो इंग्रजीत वाचा, मग जपानीत उघडा. अर्थ माहीत असल्यामुळे लक्ष वाक्याच्या घडणीकडे जातं.

मालिका मात्र जपून निवडा. ‘अकाने-बानाशी’त जुन्या एदो काळातली बोली येते, ती वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यालाही जड जाते. जादू आणि शापांच्या मालिकांत लेखकांनी स्वतः घडवलेले शब्द असतात, जे कोशात सापडत नाहीत. ‘ब्लू बॉक्स’मध्ये शाळा, सराव, घर आणि जेवण याभोवतीचं रोजचं बोलणं आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि मोठ्यांशी बोलताना आदरार्थी, मित्रांशी बोलताना साधी अशी भाषेची दोन्ही रूपं एकाच पानावर भेटतात. सुरुवात तिच्यापासून करा आणि पहिल्या बैठकीत तीनच पानं घ्या.